ओठ, कान, बूड: पाणी ओतायच्या एका जगच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम असं: पाणी वाढण्यासाठी स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीचा जग. वापरायचं पाणी १.२ लिटर, काठोकाठ दीड लिटर. एका हाताने उचलता यावा, ओतून झाल्यावर थेंब बुडाकडे ओघळू नये, आत हात घालून घासता यावा, आणि दिवसभर टेबलावर राहिला तरी बघावासा वाटावा. चौथी अट मोजता येत नाही, म्हणून ती सहसा शेवटी ढकलली जाते. इथे तसं करायचं नाही. चारही अटी पहिल्या रेखाटनापासून एकत्र तपासायच्या.

बारा रेखाटनांतून एक निवडलं. उंची १९५ मिमी, बूड ६८, पोट १२८, गळा ७२. ओठ बाहेर वळलेला, जाडसर, मऊ गोल. कान म्हणजे पोटाच्या वरच्या अंगाला एक छोटी गोल कडी. बुडापासून ओठापर्यंत रेघ कुठेही तुटत नाही. रेखाटन देखणं आहे, आणि ते देखणेपण टिकवायचं आहे.

भांड्याला आपण पोट, गळा, कान, ओठ, बूड म्हणतो. या प्रत्येक नावात आकारही आहे आणि कामही: गळा म्हणजे निमुळती होणारी जागा, कान म्हणजे धरायची जागा. या नोंदींत आणि साचेकामात हेच शब्द ठेवले आहेत. ‘घटक क्र. ३’ असं लिहिलं की काम कुठलं आणि रूप कुठलं हे लगेच वेगळं वाटायला लागतं.

९ जानेवारी

वजनाचा हिशेब. सरासरी बाहेरचा व्यास १०९ मिमी धरला तर भिंत आणि बूड मिळून क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस सेमी. भाजलेल्या मातीची घनता २.३. भिंत ६ मिमी ठेवली तर कानासकट ११४० ग्रॅम, ४.५ मिमी ठेवली तर ८८० ग्रॅम. पाणी भरल्यावर अनुक्रमे २.३४ आणि २.०८ किलो. ४.५ मिमी घेतली. पातळ भिंतीमुळे काठही नाजूक दिसतो, म्हणजे इथे डोळा आणि मनगट एकाच बाजूला आहेत.

कानाबाबत तसं नाही. रेखाटनातली कडी दोन बोटांची आहे. दोन किलो वजन दोन बोटांवर तोललं की कडी बोटात फिरते आणि ओतताना भांडं डुलतं. चार बोटांसाठी आतली लांबी किमान ९० मिमी हवी, आणि भिंत ते कान यांत ३२ मिमी मोकळी जागा, म्हणजे बोटांची पेरं भिंतीला घासत नाहीत.

कान पोटावर लावला तर पकडीचा मध्य अक्षापासून ६४ + ३२ + ९ = १०५ मिमी. भरलेल्या भांड्याचा मनगटावर येणारा पीळ २०.४ × ०.१०५ = २.१४ न्यूटन-मीटर. तोच कान वर सरकवून गळ्यालगत आत ओढला तर अंतर ८७ मिमी आणि पीळ १.७८. जवळजवळ सहावा हिस्सा कमी, तोही एक ग्रॅम न घटवता. (हा आकडा गळा ९२ मिमी धरून आहे. तो का, ते पुढच्या नोंदीत.)

कानाचा छेद लंबगोल, १८ × १३ मिमी. गोल छेद हातात फिरतो, चौकोनी टोचतो. लंबगोलाची रुंद बाजू बोटांकडे ठेवायची. कडेने पाहताना फक्त १३ मिमीची बारीक रेघ दिसते आणि कान हलका वाटतो.

१३ जानेवारी

गळा आणि बूड, दोन्हीकडे रेखाटनाला हात लावावा लागला.

७२ मिमी गळ्याची आतली मोकळीक ६३ मिमी. ब्रश जातो, हात जात नाही. पाण्याच्या भांड्यात काही दिवसांत पोटाच्या आतल्या वळणावर क्षारांची पांढरी कडी धरते आणि ती ब्रशने नीट निघत नाही, कारण ब्रश वळणाला टेकतच नाही. गळा ९२ केला, आत ८३. बहुतेकांचा हात बोटं मिटून स्पंजासकट जातो.

नव्या गळ्यामुळे भांडं लगेच पिंपासारखं दिसू लागलं. गळा पुन्हा अरुंद करून दुरुस्ती होणार नव्हती, म्हणून पोट खाली उतरवून पाहिलं. सगळ्यात रुंद जागा उंचीच्या निम्म्यावर होती, ती ३८ टक्क्यांवर आणली. आता गळ्याकडे जाणारा भाग १२० मिमी लांब आहे आणि त्या लांबीमुळे गळा सडपातळ भासतो. गुरुत्वमध्यही थोडा खाली आला. रुंदी हातासाठी वापरली आणि सडपातळपणा प्रमाणातून मिळवला. डोळा मिलिमीटर मोजत नाही, शेजारच्या दोन मापांचं नातं वाचतो. व्यवहारात सुटका बहुतेक वेळा तिथूनच होते.

बुडाचं गणित करताना भरलेलं भांडं तपासणं पुरेसं नाही. रिकामं भांडं जास्त लवकर कलंडतं. कानाचे ११० ग्रॅम अक्षापासून साधारण ८० मिमीवर, म्हणजे ८८० ग्रॅमच्या रिकाम्या भांड्याचा गुरुत्वमध्य कानाकडे १० मिमी सरकतो. ६८ मिमी बुडावर आधाराची कड अक्षापासून ३४, त्यातून १० गेले, उरले २४. गुरुत्वमध्याची उंची साधारण १०० मिमी. कानाच्या बाजूला जेमतेम साडेतेरा अंश कललं की गेलं. बूड ८४ केलं आणि पोट खाली आणलं की हाच कोन साडेअठराच्या पुढे जातो. भरलेलं भांडं २४ अंशांपर्यंत तग धरतं.

पण अरुंद बुडामुळे येणारा टेबलापासून उचलल्यासारखा भाव ८४ मिमीवर मेला. उपाय: बुडाशी भिंत ९६ मिमीवर थांबवायची आणि तिथून ४५ अंशांत ६ मिमी आत कापायचं. टेबलाला टेकते ती ८४ मिमीची कड त्या सावलीत जाते. दोन पावलांवरून भांडं तरंगल्यासारखं दिसतं आणि उभं मात्र ८४ वर असतं. तिरक्या कापाचा आणखी एक उपयोग पुढे ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) वेळी आहे: ओघळलेल्या ग्लेझला थांबायला तिथे जागा मिळते, भांडं भट्टीच्या फळीला चिकटत नाही.

१९ जानेवारी

ओठ. सगळ्या प्रकल्पाचा जीव इथे आहे.

ओतणं थांबवताना पाणी काठावरून सुटून खाली पडण्याऐवजी ओठाच्या खालच्या बाजूने मागे वळतं आणि चोचीखालून पोटावर ओघळतं. मार्कस रायनर यांनी १९५६ मध्ये याला चहाच्या किटलीवरून नाव दिलं. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी दाखवलं की वेगात असलेल्या प्रवाहात पृष्ठताण हे मुख्य कारण नसतं. काठावरून वळताना प्रवाहातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवेचा दाब पाण्याला भांड्याकडे ढकलतो. प्रवाह मंदावला की ओलेपणा, म्हणजे पृष्ठभाग पाण्याला किती धरतो, तेही महत्त्वाचं ठरतं. २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं सविस्तर गणित मांडलं: काठाच्या खालच्या अंगाला पाण्याचा एक थेंब धरतो आणि ती जागा कायम ओली ठेवतो, आणि प्रवाह ठराविक वेगाखाली गेला की तो थेंब सगळी धार खाली वळवतो.

यातून तीन हत्यारं मिळतात. काठाची खालची कड तीक्ष्ण ठेवायची, म्हणजे पाण्याला वळसा घ्यायला गोलाई मिळत नाही. कडेखालचा भाग आत वळवायचा, म्हणजे मागे जाणाऱ्या पाण्याला चढ लागतो. आणि चोच निमुळती करायची, म्हणजे शेवटच्या थेंबांपर्यंत प्रवाह एका जागी गोळा राहून वेग टिकतो.

निवडलेल्या रेखाटनातला ओठ, तो जाडसर मऊ गोल, या तिन्हींच्या विरुद्ध आहे. ४ मिमी गोलाईचा काठ म्हणजे पाण्याला दाखवलेला मागचा रस्ता.

चाचणीसाठी थ्रीडी प्रिंटरवर पाच चोची छापल्या. खालच्या कडेची गोलाई ४, २, १, ०.५ आणि शक्य तितकी तीक्ष्ण. प्रत्येकीतून २०० मिली पाणी दहा वेळा ओतलं, निम्म्या वेळा ५ सेकंदांत आणि निम्म्या वेळा २० सेकंदांत. चोचीखाली भिंतीला टिपकागद लावून आधी-नंतर वजन केलं. डोळ्याने ‘ओघळलं’ की ‘नाही’ एवढंच कळतं. टिपकागदाने किती ते कळतं. ५ सेकंदांच्या ओतण्यात २ मिमी आणि त्याखालच्या सगळ्या चोची कोरड्या राहिल्या. २ मिमीची गोलाई अजून मऊ दिसते, म्हणून ती पुढे न्यायचं ठरलं.

२३ जानेवारी

तीन पूर्ण आकार पांढऱ्या प्लास्टिकमध्ये छापून टेबलावर ठेवले: मूळ रेखाटन, २ मिमी ओठाचा सुधारित, आणि तीक्ष्ण ओठाचा. नुसतं बघून विचारलं, सगळ्यात चांगलं ओततं ते कुठलं असेल? बहुतेकांनी मूळ रेखाटनाकडे बोट दाखवलं. तेच सगळ्यात जास्त ओघळतं.

हे अनपेक्षित नाही. मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी १९९५ मध्ये जपानात बँकेच्या एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. लोकांना वाटलेला सोपेपणा प्रत्यक्ष सोपेपणापेक्षा देखणेपणाशी जास्त जुळला. नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी इस्राएलमध्ये तो प्रयोग पुन्हा केला, तिथेही हेच नातं दिसलं.

आमच्यासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. देखणेपण हे वचन आहे: सुंदर वस्तू ‘मी नीट चालेन’ असं न बोलता सांगते, आणि वापरणारा ते खरं मानून पैसे आणि विश्वास दोन्ही देतो. ते वचन मोडणारी वस्तू साध्या कुरूप वस्तूपेक्षा जास्त चिडवते. दुसरा अर्थ कामापुरता: यापुढे रूपाबद्दलचं मत ओतून झाल्यावरच विचारायचं. आधी विचारलेल्या मताची नोंद वेगळ्या रकान्यात.

२९ जानेवारी

मॉडेल आणि साचा. आमच्या स्लिपचं (साच्यात ओतायच्या पातळ मातीचं) एकूण आकुंचन १२ टक्के, म्हणून मॉडेल १ ÷ ०.८८ = १.१३६ पट. १९५ चं २२१.६ मिमी. ९२ चा गळा १०४.५.

साचा तीन भागांचा: दोन अर्धे आणि बुडाचा तुकडा. प्लास्टर १०० भागांना पाणी ७० भाग, वजनाने. एका अर्ध्याला ६ किलो प्लास्टर, ४.२ लिटर पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही. दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग तळापासून सावकाश ढवळायचं. वरून फेटलं की हवा शिरते आणि बुडबुडे नेमके मॉडेलला चिकटून बसतात. भिंतीची जाडी सगळीकडे ३५ ते ४०. कुठे पातळ राहिली तर तिथे साचा पाणी कमी ओढतो आणि भांड्याची भिंत त्याच जागी पातळ निघते. सुकवण ४० अंशांवर आठवडाभर. ५० च्या वर नेलं तर प्लास्टर भुसभुशीत होतं.

सांध्याची रेघ कुठून न्यायची यावर बराच वेळ गेला. चोच आणि कान ज्या पातळीत आहेत तीच सममितीची पातळी, त्यामुळे सांधा तिथूनच जातो, म्हणजे बरोबर चोचीच्या टोकावरून. याला दुसरा मार्ग नाही. मनात शंका तेव्हाच होती.

७ फेब्रुवारी

ओतकाम. स्लिपची घनता १.७८, म्हणजे लिटरला १७८० ग्रॅम. स्लिप वाहती राहावी म्हणून सोडियम सिलिकेट, कोरड्या मातीच्या ०.३ टक्के. कमी पडलं तर स्लिप दह्यासारखी धरते. जास्त झालं तर ओतलेली भिंत ठिसूळ होते आणि साच्यातून निघताना फाटते.

भाजून ४.५ मिमी हवी म्हणजे ओली ५.१. ती १५ मिनिटांत मिळाली. जाडी वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणून ६ मिमी भिंतीला जवळपास २७ मिनिटं लागली असती. कान भांड्यासोबत एकत्र ओतला नाही. १३ मिमीचा कान ओला १४.८, दोन्हीकडून ५.१ धरली की मध्ये साडेचार मिमीची नळी उरते. तिच्यातली स्लिप बाहेर येत नाही, मागाहून आकसते आणि कानावर खळगा पडतो. कान वेगळ्या साच्यात भरीव ओतला, ३२ मिनिटं ठेवला.

जोडताना कान आणि भिंत दोन्हींत ओल सारखी हवी. कान जास्त सुकलेला असेल तर भिंत नंतर आकसते आणि वरच्या जोडावर केसासारखी चीर येते. पहिल्या चार नगांत एक असाच गेला.

१७ फेब्रुवारी

१००० अंशांवर बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी), मग ग्लेझ, मग १२३० अंश. तीन नग भट्टीतून बाहेर. बाहेरून मॅट पांढरं, आतून चकचकीत. हातात धरल्यावर आकार अपेक्षेपेक्षा चांगला आहे. बुडाची सावली नेमकी पडते.

तिन्ही ओघळतात. ५ सेकंदांच्या ओतण्यातही टिपकागद भिजला. २० सेकंदांच्या ओतण्यात तर धार सरळ पोटावर.

१८ फेब्रुवारी

कारण शोधण्यासाठी एक नग चोचीतून उभा कापला आणि छेद मापला. मॉडेलवर २ मिमी असलेली खालची कड (भाजून १.८ व्हायला हवी होती) प्रत्यक्षात ३ च्या पुढे गेली आहे. तीन गोष्टींची बेरीज.

एक, सांध्याची रेघ. साच्यातून निघालेल्या भांड्यावर सांध्याला बारीक धार उभी राहते. ती चाकूने तासून ओल्या स्पंजाने पुसतात. ती धार चोचीच्या टोकावर आहे, आणि स्पंज कडेला गोल केल्याशिवाय जातच नाही. ज्या हाताने भांडं स्वच्छ दिसावं म्हणून पुसलं त्याच हाताने ओठ बोथट केला.

दोन, ग्लेझची जाडी. ओठ दोनदा बुडवला गेला, एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या ग्लेझमध्ये.

तीन, प्लास्टिकच्या चोचींनी दिलेला खोटा भरवसा. छापलेलं प्लास्टिक पाण्याला जेमतेम धरतं. ग्लेझ ही काच, पाणी तिच्यावर पसरतं. त्यात बाहेरचं ग्लेझ मॅट, म्हणजे बारीक खडबडीत. पाणी ज्या पृष्ठभागावर आधीच पसरतं तो खडबडीत केला की ते आणखी पसरतं. डोळ्याला सगळ्यात शांत वाटलेला पृष्ठभाग ओघळाला सगळ्यात जास्त मदत करतो. चाचणीचा नमुना फक्त आकाराने खरा असून भागत नाही, त्याची त्वचाही खरी लागते. ही चूक सरळ आमच्या पद्धतीतली आहे: पृष्ठभाग हा फक्त रूपाचा भाग समजून चाचणीतून वगळला होता.

२० फेब्रुवारी

नवीन कृती.

साच्यात ओठाच्या वर १५ मिमी जास्तीची माती ठेवली. माती अर्धवट सुकून चामड्यासारखी झाली की पातळ पातं आतून बाहेर, खालच्या दिशेने ३० अंशांत नेऊन ओठ कापायचा. एकाच ओढीत. यामुळे ओठाची वरची, आतली बाजू उतरती होते आणि खालची कड धारदार निघते. सांध्याची रेघ कापलेल्या तुकड्यासोबत जाते, ओठावर उरतच नाही. स्पंज फक्त आतल्या वरच्या कडेला, तिथे १.५ मिमी गोलाई हवी. खालच्या कडेला स्पंज लावायचा नाही. बोटानेही दाबायचं नाही.

चोचीखाली २५ मिमी खोलीचा आत वळणारा बाक दिला. बाजूने पाहिलं तर गळ्याची रेघ ओठाकडे येताना शेवटी किंचित पुढे झेपावते. मूळ रेखाटनात इथे सरळ चढ होता. बाक जास्त चांगला दिसतो: चोच कुठल्या दिशेने ओतणार हे आता दुरूनही कळतं.

ग्लेझ: आतून चकचकीत, ते ओठाच्या काठावरून खाली ४ मिमी बाहेर आणायचं. त्या रेघेवर मेण लावून मग बाहेरच्या मॅटमध्ये बुडवायचं. ओठावर ग्लेझचा एकच थर, खालची कड ओल्या फडक्याच्या घडीने एकदा पुसून पातळ केलेली.

३ मार्च

दुसरी भट्टी, पाच नग.

वितळलेलं ग्लेझ स्वतःच्या पृष्ठताणामुळे तीक्ष्ण कडेपासून मागे सरकतं. गोल ओठावर ते सारखं बसलं होतं. आता कापलेल्या कडेवर ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होऊन खालच्या मातीचा तांबूस रंग दाखवतं. पांढऱ्या भांड्याच्या ओठावरून एक बारीक तपकिरी रेघ फिरते, चोचीच्या टोकाला जरा गडद आणि कानाच्या वरती जवळजवळ पुसट. खिडकीतल्या प्रकाशात भांडं फिरवलं की सगळा आकार त्या एका रेघेवर उभा असल्यासारखा दिसतो. कुणी ती आखलेली नाही. ओघळ थांबवण्यासाठी जो काप घेतला तोच इथे दिसतो आहे, आणि रेघ जिथे तुटक दिसेल तिथे कड बोथट राहिली हेही तीच सांगते. तपासणीत आता ओठ हाताने चाचपायची गरज उरत नाही.

५ सेकंदांच्या ओतण्यात पाचही नगांचे टिपकागद कोरडे. २० सेकंदांत चार नगांवर एखादा थेंब. पाचव्यात चोचीखालच्या रेघेवर मेण कमी लागलं होतं आणि मॅट ग्लेझ वर चढलं होतं. तिथूनच ओघळलं.

४ मार्च

‘आकार नेहमी कामामागून येतो’ हे वाक्य या प्रकल्पात वारंवार समोर आलं, म्हणून एकदा नोंदवून ठेवतो. अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी ते १८९६ मध्ये उंच कार्यालयीन इमारतींबद्दल लिहिलं. पुढे त्यातला ‘नेहमी’ गळाला आणि ते सजावटीविरुद्ध वापरलं जाऊ लागलं. त्याच वर्षी बफेलोमध्ये त्यांची जी गॅरंटी इमारत पूर्ण झाली ती जवळजवळ वरपासून खालपर्यंत नक्षीच्या भाजलेल्या मातीने मढवलेली आहे. लिहिणाऱ्याला रूप आणि काम यांत वैर दिसत नव्हतं.

आमच्या ओठाबाबत ‘मागून’ हा शब्दच बसत नाही. काम आधी ठरवून त्यावर रूप चढवलं असतं तर काठाला धातूची पट्टी लावून प्रश्न संपला असता. रूप आधी ठरवून काम त्यात कोंबलं तेव्हा १७ फेब्रुवारीची भट्टी मिळाली. दोन्ही एकाच छेदात सोडवावे लागले.

११ मार्च

कान ओढतो. भट्टीत १२३० अंशांवर माती मऊ होते आणि कानाचं वजन गळ्याला त्या बाजूला खेचतं. पाच नगांत गळ्याचा गोल ९२ × ८९ असा अंडाकृती झाला. पाणी ओतायला काही फरक पडत नाही. पण वरून पाहिलं की ओठाची तपकिरी रेघ अंड्यासारखी दिसते आणि नजर तिथेच अडकते. रेघ नसती तर ३ मिमीचा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. ओठाने दिलेल्या देणगीची ही किंमत.

मॉडेलमध्ये गळा उलट दिशेने १.५ मिमी अंडाकृती केला, म्हणजे भट्टी त्याला गोल करेल. कानाचा वरचा जोड ४ मिमी खाली घेतला. पकडीचं अंतर ८७ वरून ८८, चालेल.

१९ मार्च

तिसरी भट्टी, सहा नग. गळा ९१ × ९०. ओठाची रेघ सहाही नगांवर अखंड.

टेबलावर सहांपैकी तीन नग पाणी भरून ठेवले, लोकांना ओतायला दिलं, मग रूपाबद्दल विचारलं. मूळ रेखाटनाचा प्लास्टिकचा नमुनाही शेजारी होता. यावेळी बोलणं आकारापेक्षा चोचीबद्दल झालं, आणि जे जे बोलले ते चोचीच्या टोकाला अंगठा लावून बोलले. दोघांनी तक्रार केली की ओठ ‘कापेल’ असं वाटतं. प्रत्यक्षात कापत नाही, आतल्या बाजूची १.५ मिमी गोलाई बोटाला पुरेशी आहे. पण वाटणंही खरं धरायला हवं. चोचीपासून दूर, कानाच्या दोन्ही बाजूंना, खालची कड १ मिमीपर्यंत गोल करायला हरकत नाही, कारण तिथून पाणी जात नाही. तसं केलं तर रेघ मागे पुसट होत जाईल आणि चोचीकडे गडद. ओतायची बाजू कुठली हे रेघच सांगेल.

टिकाऊपणा: तीक्ष्ण कड नळाला आपटली तर टवका उडतो. खालच्या कडेची गोलाई अर्ध्या मिमीहून कमी असली की टवका सहज उडाला, ०.८ ला तीन आपटींनंतरही नाही. चोचीवर ०.६ ते ०.८ ही पट्टी ठरवली. त्याखाली टवका, त्यावर ओघळ. इथे दोन्ही बाजूंना समाधान देणारा आकडा सापडला नाही, आणि हा दोन मागण्यांमधला खराखुरा झगडा आहे. पट्टी अरुंद आहे हे मान्य करून कापणाऱ्याच्या हाताला मदत द्यायची.

२२ मार्च

त्यासाठी पितळेचा फर्मा केला. २ मिमी जाड पत्रा, गळ्यावर बसणारा, ३० अंशांचा उतार घासून काढलेला. पातं त्यावर टेकवून ओढायचं. फर्म्याशिवाय सहा ओठांना २५ मिनिटं लागली आणि दोन पट्टीबाहेर गेले. फर्म्याने ११ मिनिटं, सहाही आत. पातं दर दहा ओठांनंतर बदलायचं. बोथट पातं माती कापत नाही, ओढतं, आणि कडेला सूक्ष्म दाते पडतात. दात्यांत ग्लेझ साचतं आणि रेघ ठिपक्यांची होते.

२५ मार्च

साच्यासोबत जाणाऱ्या कागदावर लिहिलेलं, जसंच्या तसं:

ओठ फर्म्यावर, एका ओढीत. खालच्या कडेला स्पंज नाही. कानाच्या दोन्ही बाजूंना ओल्या बोटाने एकदा, चोचीपासून ४० मिमी लांब थांबायचं. आधी आतलं ग्लेझ, मग चोचीखाली ४ मिमी मेण, मग बाहेरचं ग्लेझ. कडेवर एकच थर. भट्टीतून आल्यावर ओठाची रेघ पाहायची: चोचीवर तुटलेली असेल तर नग ओघळेल, पाणी न ओतताच बाजूला ठेवायचा.

२० सेकंदांच्या ओतण्यातला एखादा थेंब शिल्लक आहे. प्रवाह एका मर्यादेखाली गेला की कोणतीही कड ओघळ पूर्ण थांबवू शकत नाही. चोचीखालचा बाक मात्र त्या थेंबाला तिथेच धरून ठेवतो. भांडं सरळ केलं की थेंब बाकातच राहतो, पोटापर्यंत पोचत नाही. पुढच्या साच्यात बाक २५ वरून २८ मिमी करून पाहायचा.